सायकल येते, मग भीती कशाची?

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, दवाखाना आवरण्याच्या वेळी, एक जुने रुग्ण आले. वय ६९, कसबा पेठेतले, खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले. पेठेत सगळेच त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. सामूहिक सायकलफेरीचा अर्ज होता. डेक्कन जिमखान्यापासून खडकवासला धरणापर्यंत आणि परत, दहा दिवसांनी येणाऱ्या रविवारी पहाटे सहा वाजता. मुलीने वडिलांना न विचारता नाव नोंदवले होते. खाली डॉक्टरांच्या सहीसाठी जागा होती.

“डॉक्टर, तुम्ही फक्त नको म्हणा. मग पोरीला सांगायला मी मोकळा.”

मी रक्तदाब मोजला. एरवी १३० च्या आसपास असणारा वरचा आकडा १५८ झाला होता. फेरीला अजून दहा दिवस होते आणि नाना खुर्चीत बसलेले होते.

वाचकहो, हा माणूस तीस वर्षे कसब्यातून वाकडेवाडीवरून खडकीला रोज सायकलने गेलेला आहे. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की शेकडो सायकली एकदम रस्त्यावर येत, हँडलला हँडल लागे, आणि त्या गर्दीत नाना एका हाताने डबा सावरत गप्पा मारीत घरी येत. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, ते अशांच्या जिवावर. रात्री दिवा नसला तर पोलीस अडवीत, एवढीच काय ती त्या काळची भीती. मग आज तीस-चाळीस माणसांच्या शिस्तबद्ध फेरीची धास्ती का वाटावी?

मी विचारले तेव्हा नाना आधी रस्त्यांवर घसरले. वाहने फार, खड्डे फार. ते खरेच आहे. पण थोड्या वेळाने खरे कारण बाहेर आले. मागच्या पावसाळ्यात वाड्याच्या ओल्या फरशीवर पाय घसरून त्यांचे मनगट मोडले होते. हाड सांधले, पण सायकल तेव्हापासून जिन्याखालीच होती. “आणि समजा, सगळे पुढे गेले, मी मागे राहिलो, माझ्यासाठी चाळीस माणसं थांबली, तर? लोक म्हणतील, म्हाताऱ्याला आणलं कुणी?”

पडण्याची भीती आणि ओझे होण्याची भीती, अशा या दोन निरनिराळ्या भीती आहेत. पहिलीबद्दल वैद्यकशास्त्राला पुष्कळ ठाऊक आहे. पडण्याच्या धास्तीने माणूस हालचाल कमी करतो, त्यामुळे मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू झिजतात, तोल बिघडतो, आणि मग पडण्याचा संभव खरोखरच वाढतो. ज्यांचे हाड एकदा मोडले आहे त्यांच्या बाबतीत हे चक्र फार लवकर सुरू होते. म्हणून मी त्या संध्याकाळी ‘नको’ म्हटले नाही. सहीसुद्धा केली नाही. नानांना त्यांच्या सगळ्या गोळ्या घेऊन शनिवारी सकाळी बोलावले.

खरा धोका त्या गोळ्यांच्या पिशवीत होता. नाना मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात आणि रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल. पहाटे गोळी घेऊन, कोऱ्या चहावर, रिकाम्या पोटी फेरीला जायचे असा त्यांचा बेत होता. पोट हलके असले की सायकल हलकी चालते, हे त्यांचे फॅक्टरीच्या दिवसांतले शास्त्र. तेव्हा ते चालून गेले, कारण तेव्हा मधुमेह नव्हता. ग्लिमेपिराइडसारखी गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न नसेल आणि त्यात स्नायू साखर ओढू लागले, तर रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो.

इथे एक गोष्ट विशेष लक्ष देऊन वाचावी. साखर उतरल्याची लक्षणे म्हणजे हाताला कंप, छातीत धडधड, घाम, घाबरल्यासारखे होणे. भीतीची लक्षणेही हीच! फेरीच्या सकाळी ‘नाना घाबरले आहेत’ असे समजून कोणी पाठीवर थोपटीत बसले आणि प्रत्यक्षात साखर ६० वर आली असली, तर अनर्थ ओढवेल. त्यात मेटोप्रोलॉलच्या जातीची औषधे कंप आणि धडधड झाकून टाकतात. घाम मात्र झाकला जात नाही. म्हणून अशी औषधे घेणाऱ्याला अकारण घाम सुटला, तो असंबद्ध बोलू लागला किंवा एकाएकी चिडचिडा झाला, तर आधी साखर तपासावी. यंत्र जवळ नसेल तर साखर उतरली आहे असेच धरून चालावे. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडाने काहीही देऊ नये. नानांनी खिशात चिक्की ठेवायची ठरवली होती. चिक्की चांगलीच, पण शेंगदाण्यातल्या तेलामुळे तिची साखर रक्तात उशिरा पोचते. तातडीच्या वेळी ग्लुकोजची पुडी हवी. चिक्की परत आल्यावर खावी.

नानांच्या त्या एका सकाळच्या गोळीची वेळ मी बदलून दिली आणि निघण्याआधी दूध-केळे आणि एक पोळी खायला सांगितली. तुमची गोळी मात्र हे वाचून बदलू नका. ती ज्यांनी दिली त्यांनाच विचारा. साखर फेरी संपल्यावर काही तासांनीही उतरू शकते, तेव्हा दुपारचे जेवण चुकवू नये.

नानांचा ईसीजी काढला, तो ठीक होता. दोन जिने चढताना त्यांना दम लागत नव्हता, छातीत दुखत नव्हते. ज्यांना चढावर छातीत दाटते, भोवळ येते, किंवा ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय अर्ज भरूच नये. भीतीची धडधड बहुधा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, पायडल मारता मारता, ओसरते. हृदयाचे दुखणे त्याच्या उलट वागते: चढ लागला, वेग वाढला की ते वाढते आणि थांबल्यावर कमी होते. पण रस्त्यावर असे निदान करीत बसू नका. छातीत दाटले तर उतरा, बसा आणि १०८ ला फोन लावा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर हेल्मेट असले आणि बरे वाटत असले तरी रुग्णालयात दाखवावे.

आता दुसरी भीती, ओझे होण्याची. तिच्यावर गोळी नाही, पण माहितीचा चांगला उपयोग होतो. पुष्कळांच्या मनात सायकलींचा मेळा म्हणजे मुंबई-पुणे शर्यत असते. अशी फेरी म्हणजे शर्यत नव्हे. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे फेरीतसुद्धा साडेतेरा तासांच्या मुदतीत पोचणारे सगळे सारखेच; पहिला-दुसरा कोणी नसतो. चांगल्या संयोजकांच्या फेरीत एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहतो. तो तुमच्या मागे आहे तोवर तुम्ही एकटे पडत नाही. अर्ज भरण्यापूर्वी विचारावे, असा माणूस आहे का? नसेल तर त्या फेरीला ज्येष्ठांनी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नानांनी संयोजकांना फोन केला आणि आपण धायरी फाट्यावरून परत फिरलो तर चालेल का, असे विचारले. चालेल, म्हणाले. परतीची वाट आधीच ठरली आणि त्या रात्री नाना कित्येक दिवसांनी नीट झोपले.

मधल्या रविवारी नदीपात्रातल्या रस्त्यावर सकाळी साडेसहाला त्यांनी मुलीबरोबर सराव केला. सायकल चालवायला ते विसरले नव्हतेच. अडले ते इतरत्र. मान पूर्वीसारखी वळत नाही, मागचे वाहन दिसत नाही. मग हँडलला आरसा लावला. दांडीवरून पाय टाकून उतरताना तोल गेला. उतारवयात चालत्या सायकलवरून पडण्याखेरीज चढता-उतरताना पडणेही असते, म्हणून दांडी नसलेली, मुलीची लेडीज सायकल घ्यायला मी सुचवले. नाना दोन दिवस रुसले. मग घेतली. घोळक्यात पुढच्याच्या मागील चाकाला आपले पुढचे चाक घासले तर पडतो तो मागचा. म्हणून एका-दोन सायकलींचे अंतर ठेवायचे आणि एकदम ब्रेक दाबायचा नाही, हेही घोटले. मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांचे ठोके श्रमातही फारसे वाढत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. सायकल चालवताना पूर्ण वाक्य सलग बोलता आले तर वेग योग्य आहे, असे समजावे.

घरच्या मंडळींसाठी थोडे लिहायचे आहे. नानांचे चिरंजीव स्कूटरवरून मागे मागे यायला निघाले होते. प्रेमच ते, पण मागे स्कूटर घरघरत राहिली की वडिलांच्या मनात एकच विचार राहतो, की मी पडणार आहे. त्यापेक्षा त्यांच्या खिशात नाव, आजार, औषधे आणि तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आदल्या रात्री झोप लागत नाही म्हणून अल्प्राझोलमची अर्धी गोळी तर मुळीच देऊ नका. एका रात्रीच्या जागरणाने काही बिघडत नाही. गोळीची गुंगी मात्र सकाळी तोल घालवू शकते. माझ्या पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री मी स्वतः तीनपर्यंत जागी होते, तेव्हा बावन्न वर्षांची होते, आणि पाऊस यावा अशी मनोमन प्रार्थना करीत होते. पाऊस आला नाही. पहाटे तीनदा स्वच्छतागृहात जाऊन मगच मी निघाले; तेही भीतीचेच लक्षण, त्याची लाज वाटायला नको.

शुक्रवारी घरच्या रक्तदाबयंत्रावरचे पाच दिवसांचे आकडे पाहिले आणि सही केली.

फेरीनंतरच्या मंगळवारी नाना वही घेऊन आले. निघताना साखर १३४, परत आल्यावर १०२, दुपारी जेवणाआधी ९६. धायरी फाट्यावर पाय चांगले होते, पुढे जाता आले असते, पण ठरवल्याप्रमाणे परत फिरलो, म्हणाले. मागचा स्वयंसेवक लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात काम करणारा पोरगा निघाला; परतताना त्याला ते वाटभर भोंग्याच्या गोष्टी सांगत आले, पूर्ण वाक्यांत. तक्रार एकच होती.

“डॉक्टर, ह्या हल्लीच्या पोरांच्या सायकलींना मडगार्ड नाही, स्टँड नाही. चहा प्यायला थांबले की सगळ्या सायकली भिंतीला टेकवून ठेवतात. आता पुढची फेरी डिसेंबरात आहे. खडकवासल्यापर्यंत जायचं तर गोळीचं कसं करायचं, ते लिहून द्या.”