डाग कोणी घासायचा?

२ ऑक्टोबर २०१९ रोजी साबरमतीच्या काठावरून ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. प्रत्येक पात्र कुटुंबाला संडासासाठी १२ हजार रुपयांचे अनुदान, भिंतीवर योजनेचे बोधचिन्ह, आणि दारात उभ्या राहिलेल्या लाभार्थ्याचे छायाचित्र, इतका या मोहिमेचा हिशेब सरकारदरबारी चोख आहे. मात्र त्या हिशेबाच्या वहीत एका प्रश्नाला रकाना नव्हता. बांधलेला संडास घासायचा कोणी? वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव घ्या, नाहीतर वऱ्हाडातले दुसरे कोणतेही मोठे गाव घ्या. भांड्यावर चढलेला पिवळा, तांबूस, काही केल्या न जाणारा थर हाच प्रश्न विचारीत असतो. हा विषय वैचारिक साप्ताहिकाच्या पानाला शोभतो काय, असे काहींना वाटेल. ज्यांना तसे वाटेल त्यांच्यासाठीच हे लिहिणे आहे.

आधी डागाकडेच नीट पाहू. कामरगावच्या मुलखात जमिनीखाली दख्खनचा काळा खडक आहे. त्यातून झिरपून विहिरीत आणि बोअरमध्ये येणाऱ्या पाण्यात कॅल्शियमचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. भांड्यात पाणी साचते, वाळते, आणि मागे चुन्याचा पातळ थर उरतो. लघवीतील युरियापासून जीवाणू अमोनिया तयार करतात, त्यामुळे फॉस्फेटचे क्षारही तेथेच बसतात. हा थर खरखरीत असल्याने मळ आणि लोहाचा रंग त्याला धरून राहतो. ज्याला आपण घाण म्हणून नाक मुरडतो तो, म्हणजे, बहुतांशी दगड असतो. साबणाने तो निघत नाही. टी.सी.एल. पावडरीने त्याचा रंग फिका पडतो, डाग गेल्याचा भास होतो, आणि थर जागच्या जागी राहतो. तो विरघळतो आम्लातच.

येथूनच अनर्थाला सुरुवात होते. सुटे ॲसिड आणून ओतले की भांडे फसफसते आणि पांढरे होते. परंतु त्या वाफा ओतणाऱ्याच्या छातीत जातात, शिंतोडे हातापायांवर आणि डोळ्यांत उडतात. फरशीच्या सांध्यांतील सिमेंट झिजते, आणि शोषखड्ड्यातील मैला कुजविणारे जीवाणूही मरतात. सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. पाणी शुद्ध करण्यासाठी ग्रामपंचायतीत ठेवलेली टी.सी.एल. पावडर अधिक स्वच्छतेच्या हौसेने ॲसिडबरोबर भांड्यात पडली, तर क्लोरीन वायू निर्माण होतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. चार फुटांच्या बंद खोलीत तो कोंडून घेण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याला हे मिश्रण करू नये एवढे तरी कोणी सांगितलेले असते काय?

ॲसिडची मुळात गरजच नसते. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व लिटरभर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम विरघळवावे. भांड्यातील पाणी उपसून ते डागावर ओतावे, रात्रभर राहू द्यावे आणि सकाळी ब्रशाने घासावे. जुना थर असेल तर तीनचार दिवस पुन्हा करावे. विटेच्या तुकड्याने किंवा लोखंडी घासणीने खरवडू नये, कारण चकाकी गेली की डाग दुप्पट वेगाने धरतो. एवढ्याने काम होत असताना ॲसिडच का लागते? कारण लिंबूसत्त्वाला रात्रभराचा अवधी लागतो, आणि नंतर रोज थोडे घासावे लागते. ॲसिड महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या हातून ओतवून घेता येते. जे काम आपण करायचे नाही असे आपण ठरवून टाकले आहे, त्यासाठी आपण जालीम उपाय शोधतो, कारण त्याचा चटका आपल्याला बसत नाही.

हे काम कोणाकडे आहे ते सर्वांना ठाऊक आहे. घरात ते बाईकडे आहे. गावच्या सार्वजनिक संडासात ते बहुधा ठरावीक जातीच्या माणसाकडे आहे, आणि त्याची नेमणूक तुटपुंज्या मानधनावरची असते. १९७२ साली बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ उभी केली. पाण्यापर्यंत जाण्याचा हक्क सर्वांचा, हे निदान तत्त्वतः मान्य झाले. मैल्यापर्यंत जाण्याचे कर्तव्यही सर्वांचे आहे, हे तत्त्वतःही मान्य व्हायचे राहिले आहे.

ज्यांनी ते मानले असे लोक महाराष्ट्रात झाले. याच वऱ्हाडात १८७६ साली शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावात पाऊल टाकताच खराटा हाती घेतला. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेल्यावर त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला, आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास आरंभिला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याला हात न लावता खत होईल अशा संडासाचे प्रयोग आयुष्यभर केले. परंतु या परंपरेला डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली जो आक्षेप घेतला, तोही समाजवाद्यांनी विसरता कामा नये. सफाईचे काम पवित्र सेवा म्हणून गौरविण्याने ते ज्याच्या गळ्यात जन्माने बांधले आहे त्याची सुटका होत नाही. उलट त्याने आहे तेथेच समाधान मानावे, असे त्यातून सुचविले जाते. हा आक्षेप आम्हाला पूर्णपणे ग्राह्य वाटतो. म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. घरात पाळी हवी आणि सार्वजनिक जागी वेतन हवे. पाळीच्या जागी गौरव नको आणि वेतनाच्या जागी सेवाभाव नको.

कायदा या बाबतीत अर्ध्या वाटेवर थांबतो. १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी हाताने मैला वाहण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारात मरण आलेल्या कामगाराच्या वारसांना १० लाख रुपये भरपाई ठरविली, आणि २०२३ साली ती ३० लाख केली. परंतु रोज भांडी घासून ज्याची छाती हळूहळू जळते, त्याचा मृत्यू कोणत्याच भरपाईत बसत नाही.

पैसा नाही ही सबब ऐकू येईल. ती अंशतः खरी आहे आणि अंशतः खोटी. समग्र शिक्षा योजनेत १०० ते २५० विद्यार्थ्यांच्या शाळेला वर्षाकाठी ५० हजार रुपयांचे संयुक्त अनुदान ठरले आणि त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करावयाचे ठरले. किमानाचा हिशेब केला तर महिन्याला सुमारे ४१६ रुपये होतात. एवढ्यात सफाई कामगार मिळणार नाही. मिळेल तो शाळेतलाच एखादा मुलगा किंवा मुलगी, आणि ती कोणत्या घरची निवडली जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. मात्र पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या निधीतील ६० टक्के रक्कम बांधील ठेवली, आणि तिच्यातील निम्मी स्वच्छतेसाठी व हागणदारीमुक्ती टिकविण्यासाठी राखली. ही रक्कम भिंती रंगविण्यावर खर्च होते की भांडी स्वच्छ ठेवण्यावर, हे विचारण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे.

कामरगावच्या आणि सर्वच गावांच्या ग्रामसभांत आपल्या कार्यकर्त्यांनी पुढील ठराव मांडावेत. सार्वजनिक आणि शाळेच्या संडासांसाठी किमान वेतनाचे कायम पद असावे आणि ते सर्व जातींना खुले असावे. हातमोजे, बूट आणि डोळ्यांचा चष्मा ग्रामपंचायतीने पुरवावा. सुटे ॲसिड विकत घेऊ नये. कोणत्याही मुलाला जात किंवा लिंग पाहून संडास घासण्यास लावू नये. आणि ठराव मांडणाऱ्याने तो मांडण्यापूर्वी महिनाभर आपल्या घरचे भांडे स्वतः घासलेले असावे. समतेवर व्याख्यान देणाऱ्या पुरुषाच्या घरी संडास कोण घासते, हे त्याच्या शेजाऱ्यांना नेहमी ठाऊक असते.