'चार घ्या, 20% वाचवा' : खरंच वाचतात का?

शेकडेवारी शिकवताना मी साबणाचं उदाहरण घेतो. 100 ग्रॅमची सुटी वडी 30 रुपये. शेजारी 75 ग्रॅमच्या चार वड्यांचा पॅक : छापील 125, आता 100, '20% बचत'. मुलं पटकन पॅक निवडतात. भागाकार करा बरं! सुटी वडी ग्रॅमला 30 पैसे, पॅक 33 पैशांच्या वर.

लेबल खोटं नाही, पण सरळही नाही. वेष्टनावर प्रति ग्रॅम किंमत छापण्याचा नियम 2021 च्या दुरुस्तीत आला. ती असते मुंगीएवढी, सवलत हातभर! आणि सवलत खरी असली तरी भिवंडीतल्या लूम कामगाराला चार वड्या एकदम कुठून परवडणार? दुकानाने फळीवरच ग्रॅमचा दर सवलतीइतक्या मोठ्या अक्षरात लिहावा, असं माझं स्पष्ट मत आहे.