मोटार-ट्यूनिंगचे अर्थकारण : विशेषीकरण कशाचे करावे?

मोटारीच्या इंजिनाची मूळ शक्ती वाढवून देणारी, तिचा वेग, रस्त्यावरची पकड आणि ब्रेक यांत बदल करून देणारी ट्यूनिंगची गॅरेजे आता आपल्या मोठ्या शहरांना अपरिचित राहिलेली नाहीत. अशा पुष्कळ गॅरेजांच्या फलकावर कामांची लांबलचक यादी असते. संगणकाचे रिमॅपिंग, टर्बो बसविणे, एक्झॉस्ट बदलणे, सस्पेन्शन, ब्रेक, रंगकाम, ध्वनियंत्रणा, कोणत्याही कंपनीची कोणतीही गाडी! दाराशी आलेले गिऱ्हाईक परत जाऊ नये, ही धंदेवाल्याची इच्छा स्वाभाविक आहे. पण याच इच्छेपोटी अनेक होतकरू कारागीर कर्जबाजारी होतात. सर्व कामे करणाऱ्याला कोणत्याच कामात निष्णात होता येत नाही, आणि जो निष्णात नाही त्याला निष्णाताचा मोबदला कोणी देत नाही. म्हणून विशेषीकरण करावे की नाही, आणि करावयाचे तर कशाचे, हा केवळ हौशी मंडळींच्या गप्पांचा विषय नसून तो एक गंभीर आर्थिक प्रश्न आहे.

श्रमविभागणी किती व्हावी हे बाजारपेठेच्या विस्तारावर अवलंबून असते, हा सिद्धांत ॲडम स्मिथने १७७६ मध्ये मांडला. स्कॉटलंडच्या डोंगराळ, विरळ वस्तीच्या मुलखात प्रत्येक शेतकऱ्याला स्वतःच खाटीक, पाववाला आणि मद्य गाळणारा व्हावे लागते, असे उदाहरण त्याने दिले होते. ट्यूनिंगचे गॅरेज चालविणाऱ्याची स्थिती बरीचशी या शेतकऱ्यासारखी असते. वेगाची हौस असलेले आणि त्या हौसेसाठी पैसा मोजण्याची ऐपत असलेले लोक एका शहरात असून असून किती असणार? तेव्हा सर्व कामे करण्याकडे त्याचा कल होतो तो केवळ लोभामुळे नव्हे, तर लहान बाजारपेठेच्या दडपणामुळे.

तथापि या धंद्याच्या खर्चाचे स्वरूप पाहिले, म्हणजे दुसरी बाजू ध्यानात येते. चाकांवर मिळणारी शक्ती मोजणारा डायनॅमोमीटर हे महागडे यंत्र आहे. एखाद्या इंजिनाच्या संगणकासाठी इंधनाचे प्रमाण, ठिणगीची वेळ आणि टर्बोचा दाब यांचा नवा आराखडा तयार करावयाचा, तर तासन् तास चाचण्या घ्याव्या लागतात. मात्र तो आराखडा एकदा सिद्ध झाला की त्याच जातीच्या पुढच्या गाड्यांवर थोड्याफार फेरफारांनी तो वापरता येतो. पहिल्या गाडीचा खर्च प्रचंड आणि पन्नासाव्या गाडीचा नगण्य, असा हा वाढत्या उत्पन्नफलाचा प्रकार आहे. शिवाय केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये ज्याची मांडणी केली ते ‘कृतीतून होणारे शिक्षण’ येथे पुरेपूर लागू पडते. एकाच इंजिनाचे पन्नास वेळा काम केलेल्या कारागिराला त्याचा कोणता भाग आधी हार खातो हे ठाऊक असते. पन्नास वेगवेगळी इंजिने हाताळणाऱ्याला ते प्रत्येक वेळी नव्याने, आणि गिऱ्हाइकाच्या खर्चाने, शिकावे लागते.

या क्षेत्राचा इतिहास हेच सांगतो. लोटस कंपनीत काम केलेल्या माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ यांनी इंग्लंडमध्ये १९५८ साली कॉसवर्थ ही संस्था काढली. तिचे नाव झाले ते फोर्डच्या अँग्लिया गाडीतील जेमतेम एक लिटरच्या इंजिनावर तिने केलेल्या कामामुळे. हे इंजिन स्वस्त होते, सर्वत्र मिळत होते आणि फॉर्म्युला ज्युनियर शर्यतींना ते सोयीचे होते. त्या एकाच इंजिनातून मिळालेल्या प्रावीण्याच्या आणि पतीच्या बळावर पुढे फोर्डने एक लाख पौंडांचे साहाय्य दिले. त्यातून जन्मलेल्या डीएफव्ही इंजिनाने १९६७ साली झँडफूर्टला आपली पहिलीच शर्यत जिंकली आणि १९८३ पर्यंत फॉर्म्युला वनमध्ये एकूण १५५ विजय मिळविले. आरंभीच दहा कंपन्यांच्या गाड्या घेऊन ही मंडळी बसली असती, तर हे घडले असते असे वाटत नाही.

जर्मनीतील अल्पिनाचा दाखला याहून बोधप्रद आहे. बुर्कार्ड बोफेन्झीपेन यांनी बीएमडब्ल्यूच्या १५०० या गाडीसाठी जोड-कार्ब्युरेटरची रचना तयार केली. तिचा दर्जा पाहून, ती बसविलेल्या गाडीचीही हमी कायम राहील, असे बीएमडब्ल्यूने मान्य केले. १९६५ मध्ये रीतसर कंपनी स्थापन झाली आणि १९८३ मध्ये तिला स्वतंत्र मोटार-उत्पादक म्हणून सरकारी मान्यता मिळाली. येथे खरी विक्री कार्ब्युरेटरची झाली नाही, हमीची झाली. जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन १९७० मध्ये दाखवून दिले की, मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक असतो पण ग्राहकाला नसतो, अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकून लावतो. ट्यूनिंगचा बाजार नेमका असाच आहे. गाडी दुसऱ्या दिवशी वेगाने पळते, हे ग्राहकाला दिसते. इंजिनाच्या आत उष्णतेने काय होत आहे, ते वर्षभराने कळते. अशा वेळी एकाच जातीच्या गाड्यांची वर्षानुवर्षे सांभाळलेली कीर्ती हीच ग्राहकाची एकमेव खात्री असते.

अर्थात विशेषीकरणात धोका नाही असे नाही. अंडी एकाच टोपलीत ठेवणाऱ्याची टोपली दुसऱ्याच्या हाती असते. एक्झॉस्टच्या नळकांड्यांनी आणि फियाटच्या छोट्या गाड्यांनी नावारूपास आलेली आबार्थ १९७१ मध्ये फियाटने विकत घेतली. मर्सिडीजवर काम करण्यासाठी १९६७ साली निघालेली एएमजी पुढे मर्सिडीजच्याच पोटात सामावली. अल्पिनाचे नाव आपल्याकडे घेण्याचा निर्णय बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये जाहीर केला. आपल्याकडे तर हा धोका अधिक आकस्मिकपणे आला. टर्बो असलेल्या छोट्या डिझेल गाडीची शक्ती केवळ रिमॅपिंगने लक्षणीय वाढते, तर टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल गाडीत त्याच कामाचा लाभ किरकोळ असतो. त्यामुळे फियाटच्या आराखड्याचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन ट्यूनिंगवाल्यांचे आवडते झाले होते. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ चे निकष लागू झाले, मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या आणि या विशेषज्ञांच्या नव्या गिऱ्हाइकांचा झरा आटला. चाकणला तयार होणारी फोक्सवागन पोलो ही हौशी मंडळींची लाडकी गाडीही २०२२ मध्ये बंद झाली.

मग निवड कशी करावी? विशेषीकरण हत्याराचे करणारा माणूस हत्याराबरोबर जुना होतो. कार्ब्युरेटरखेरीज ज्यांना काही येत नव्हते ते इंजेक्शनच्या युगात निकालात निघाले. अल्पिना टिकली, कारण तिने कार्ब्युरेटरला नव्हे तर विशिष्ट गाडीला आणि तिच्या मालकाला आपले मानले होते. तेव्हा नव्या कारागिराने तीन कसोट्या लावाव्यात. ज्या गाड्या आपल्या टापूत आज पुष्कळ आहेत आणि आणखी दहा वर्षे रस्त्यावर राहतील, अशाच गाड्या निवडाव्यात. ज्या इंजिनात मूळ रचनेनेच वाढीला वाव आहे, तेच घ्यावे. आणि एका कंपनीच्या मर्जीवर सर्वस्व न सोपविता सस्पेन्शन वा ब्रेक यांसारखे, विजेवरच्या गाड्यांतही कामास येणारे एखादे कौशल्य जोडीला ठेवावे. विजेची गाडी आली तरी वळणावरची पकड आणि थांबण्याचे अंतर हे प्रश्न उरणारच आहेत.

पण सारा भार कारागिराच्या शहाणपणावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरविलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलांसाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. रस्त्यावरील जिवांच्या रक्षणासाठी कायदा कडक हवाच. कानठळ्या बसविणाऱ्या सायलेन्सरची तरफदारी कोणी करू नये. परंतु नुसत्या बंदीचा परिणाम अकरलॉफ यांच्या बाजारासारखाच होतो. प्रामाणिक, हिशेब ठेवणारा, पावती देणारा विशेषज्ञ मागे सरतो आणि आडरस्त्याला काम करणारा बेफिकीर माणूस उरतो.

याला मार्ग आहे आणि तो परका नाही. सीएनजीचे किट बसविणे हाही मूळ गाडीतील बदलच. तरीही मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेले किट अधिकृत केंद्रात बसविले तर त्याची नोंद होते. जर्मनीत बदललेल्या भागांची तांत्रिक तपासणी होऊन ते गाडीच्या कागदपत्रांवर चढतात, आणि म्हणूनच तेथे छोट्या गॅरेजांतून मोठ्या संस्था उभ्या राहू शकल्या. आपल्याकडे पुण्यात १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे. ब्रेक, सस्पेन्शन, चाके अशा मर्यादित भागांपासून आरंभ करून छोट्या कारागिराला परवडेल अशा शुल्कात तपासणीची सोय तिच्यासारख्या संस्थांमार्फत करता येईल. टाटा मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीने कोइमतूरच्या जयेम या संस्थेबरोबर २०१७ मध्ये वेगवान गाड्यांसाठी उभारलेली भागीदारीही २०२० मध्ये गुंडाळावी लागली, एवढी ही बाजारपेठ आज लहान आहे. ती वाढावयाची तर ग्राहकाचा विश्वास वाढला पाहिजे. आणि विश्वास वाढला, बाजार विस्तारला, म्हणजेच आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या हुशार मुलाला ‘सर्व कामे केली जातील’ हा फलक उतरवून एकाच कामाचा फलक लावण्याचे धैर्य होईल.