अंगणांतील सावली व अबोली

पावस गांवीं आंब्याफणसांची सावली नाहीं असें आवार विरळाच. त्या सावलींत फूल धरत नाहीं, ही समजूत मात्र इतकी रूढ झाली आहे कीं, कित्येक घरीं ती जागा फरशीखालीं जाते, नाहीं तर तेथें विकत आणलेल्या क्रोटनच्या कुंड्या येतात. क्रोटन मूळचा मोलुक्का व आसपासच्या बेटांवरील. त्याशीं आमचें वैर नाहीं. परंतु विरळ छाया जिला मानवते ती अबोली आपल्याच देशांतील असतां तिची आठवण होऊं नये, हें नवलच म्हणावयाचें.

विद्यार्थ्यांस अडुळसा व कोरांटी ठाऊक आहेत. अबोली त्यांच्याच कुळांतील. लिनियसनें १७५९ सालीं तिचें वर्णन केलें, तेव्हां तिला अडुळशाच्याच गणांत बसविलें होतें. झुडूप कमरेच्या वर सहसा जात नाहीं. फुलास गंध नाहीं, पण खुडल्यावरही तें टवटवीत राहतें. म्हणून वेणींत त्याचा मान मोठा.

सावली मानवते याचा अर्थ काळोख मानवतो असा नव्हे. फणसाच्या बुंध्याशीं लावलेल्या अबोलीस पानेंच फार येतील. सकाळचें कोंवळें ऊन पोंचेल अशी कडेची जागा पाहावी. जांभ्याच्या खळग्यांत पाणी सांचून मुळें कुजतात, यासाठीं माती, कुजलेला पाला व शेणखत घालून वाफा उंच करावा. मोहराच्या दिवसांत कलमाखालीं पाणी नको, असें बागाइतदार म्हणतील, व तें खरें आहे. त्यांनीं ती पडवीच्या कडेस लावावी.

आमचा खरा आग्रह बियांच्या अबोलीविषयीं आहे. रोपवाटिकांतून ‘दिल्ली’ नांवाची गडद नारिंगी जात मिळते. ती भरपूर फुलते, परंतु बीं धरीत नाहीं. फांदी लावूनच वाढवावी लागते. जुन्या आवारांतील अबोलीचें तसें नाहीं. तिचीं सुकलेलीं बोंडें भिजतांच फट्‌कन् फुटतात व बीं दूर उडतें. हा खेळ आजीपाशीं बसून पाहण्यासारखा आहे. फरशी वाढत गेली आणि रोप तेवढें विकत येऊं लागलें, तर हा वाणच गांवांतून जाईल. आणि गेलेला वाण पैसे देऊन परत मिळेलच असें नाहीं. पालकांनीं फरशी घालण्यापूर्वीं कोपऱ्यांतील अबोलीकडे एकदां पाहावें, व मुलांस शेजारच्या काकूंकडून मूठभर बोंडें मागून आणावयास सांगावें. तीं मे महिन्यांतच खुडावीं. पहिली सर पडली कीं बोंडें आपणच फुटतात, आणि बीं कोंबड्यांच्या वाट्यास जातें.