पेटीचा अपराध कोणता?

गोविंदराव टेंबे यांचे नाव निघाले की आमच्या सुशिक्षित मंडळीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, ‘माणूस गुणी खरा, पण एका ठिकाणी स्थिर राहिला नाही.’ दुसरे, ‘अखेर वाजविली ती पेटीच!’ या वाक्यांत रसिकता किती व अभिमान किती, याचा एकदा निवाडा झालाच पाहिजे.

प्रथम अस्थिरतेचा आरोप घेऊ. १८८१ साली जन्मलेले गोविंदराव पेटी घेऊन भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाच्या साथीस बसले. साथ म्हणजे गवयामागून फरफटत जाणे नव्हे. पुढचा स्वर कोठे पडणार हे क्षणभर आधी ओळखून त्यास आधार देणे होय. हे ज्यास साधले त्यास गायकीचे अंतरंग कळले. त्याच जाणिवेतून १९११ साली त्यांनी ‘मानापमाना’स चाली दिल्या व ठुमरी-दादऱ्याचा ढंग मराठी पदांत आणला. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात ते हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांनीच दिले. अल्लादियाखाँचे चरित्रही त्यांनी लिहिले. या साऱ्या उद्योगांत कान एकच आहे. युरोपात फ्रांत्स लिस्टने पियानो गाजविला, रचना केल्या, वाद्यवृंद चालविला, शोपांवर पुस्तक लिहिले. त्यास आपण अष्टपैलू म्हणतो. मग आपल्या माणसासच चंचल का म्हणावे?

आता पेटीचा अपराध. तिचे स्वर बांधलेले. तीत मींड नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद नाहीत. हा आक्षेप खोटा नाही. याच कारणांस्तव नभोवाणीने १ मार्च १९४० पासून तिला दार बंद केले. १९५५ साली गोविंदराव निवर्तले तेव्हाही ती बंदी कायम होती. सुमारे तीन दशकांनी ती सैल झाली. परंतु पियानोचे स्वर तरी कोठे मोकळे आहेत? शिवाय त्याचा स्वर एकदा आघात झाला की विरूच लागतो. पेटीच्या भात्यात निदान तो धरून ठेवण्याची व फुलविण्याची शक्ती आहे. वाद्याच्या मर्यादेत राहून गाण्याचा भास निर्माण करणे, हीच दोहींकडील वादकांची कसोटी. त्या कसोटीस उतरलेल्या युरोपीय वादकास आपण कलावंत म्हणतो. आपल्या वादकास मात्र पेटीवाला!

हा वाद मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांपुरता असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण त्याचा परिणाम दूर अरण्यात पोचतो. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीकडे माडियांचे ढोल व रेलागीते आपल्या मुळांवर उभी आहेत. त्यांस पेटीचे उपकार नकोत. मात्र तेथील एखाद्या मुलास रागसंगीत शिकावेसे वाटले तर? पियानो तेथे न्यावा कसा, आणि दमट पावसाळ्यात त्याचे स्वर ढळले तर लावणारा कारागीर आणावा कोठून? सारंगीचा स्वर शोधण्यास गुरू शेजारी हवा. पेटी मात्र एका माणसास उचलून नेता येते, आणि नवशिक्याच्या बोटाखालीही स्वर जागेवर सापडतो. त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकास वडसा येथे झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचे ठाणे आहे. दिवाळीनंतरच्या हंगामात तेथून निघालेली नाटके गावोगाव रात्र जागवितात, आणि पदांस आधार देतो तो ऑर्गन, म्हणजे पेटीचाच आप्त. गोविंदरावांनी ज्या संगीत रंगभूमीची सेवा केली, तिचा एक दिवा तेथे अजून तेवतो आहे.

तेव्हा पेटीस हीन ठरविणाऱ्यांस आमचा एकच प्रश्न आहे. एटापल्लीच्या त्या मुलाच्या हातातून पेटी काढून घेतल्यावर तुम्ही त्याच्या हाती काय देणार? याचे उत्तर मिळेपर्यंत गोविंदरावांच्या कीर्तीपुढे लावलेला तो ‘पण’ पुसून टाकावा, हेच न्यायाचे होईल.