विश्लेषण : बरणीतला ‘फायटर’ लवकर का मरतो? खडकवासल्याच्या पाण्याशी त्याचा काय संबंध?

लांब झुपकेदार शेपटीचा, निळा-लाल ‘फायटर’ म्हणजेच बेट्टा मासा दुकानात पेल्याएवढ्या डब्यात विकायला ठेवलेला दिसतो. पंप लागत नाही, जागा लागत नाही, मुलांनाही आवडतो, म्हणून तो पटकन घरी येतो. नीट सांभाळला तर हा मासा दोन ते चार वर्षे जगतो. प्रत्यक्षात अनेक घरांत तो काही आठवड्यांतच दगावतो. असे का होते?

बरणीत तो जगतो, मग अडचण काय?

बेट्टा मूळचा थायलंडचा. तेथील सरकारने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले. भातखाचरे आणि दलदलीच्या उथळ पाण्यात तो राहतो. अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्यामुळे कल्ल्यांखेरीज त्याच्या डोक्यात हवेतून श्वास घेणारा एक खास अवयव असतो आणि तो अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. दुकानदार याच गुणावर बोट ठेवून ‘याला बरणीही पुरते’ असे सांगतो. पण खाचराचे पाणी उथळ असले तरी पसरलेले असते. अर्ध्या लिटरच्या बरणीत माशाच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया भराभर साचतो. श्वास हवेतून घेता येतो, अमोनियापासून मात्र सुटका नसते. कल्ले आणि पर जळू लागतात. म्हणून १५ ते २० लिटरची टाकी, झाकण आणि मंद प्रवाहाचा स्पंज फिल्टर ही किमान गरज मानावी. झाकण हवेच, कारण हा मासा उडी मारतो. एका टाकीत एकच नर ठेवावा.

नळाचे पाणी थेट चालते का?

नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. माणसाला तो वाचवतो, माशाच्या कल्ल्यांना मात्र त्याहून कमी प्रमाणही बाधते. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली, तरी धरणाच्या उशाशी राहूनही अनेक सोसायट्यांना विहीर, बोअरवेल किंवा टँकरवर अवलंबून राहावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा पाण्यातील क्लोरीन घराघरांत चर्चेचा विषय झाला. येथे क्लोरीन कमी करा असे कोणी म्हणणार नाही. तो काढून टाकण्याची जबाबदारी मासा पाळणाऱ्याची आहे.

उपाय साधा आहे. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवावे किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवरील प्रमाणात टाकावेत. टाकीतले सगळे पाणी कधीच बदलू नये. आठवड्याला साधारण पाव भाग पुरे. अमोनियाचे तुलनेने कमी घातक घटकांत रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढतात. हौसेने तो स्पंज नळाखाली घासून धुतला की क्लोरीनने हे जिवाणू मरतात आणि दोन-चार दिवसांत ‘टाकी तर स्वच्छ होती, मग मासा कसा मेला’ असा प्रश्न पडतो. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा.

पुणेकरांना गुरुवारच्या पाणीबंदीची सवय आहे. शुक्रवारी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येते, तेव्हा टँकर मागवला जातो. स्रोत बदलला की पाण्याचा जडपणाही बदलतो. अशा दिवशी टाकीला हात न लावलेला बरा. बादलीभर मुरवलेले पाणी आधीच बाजूला ठेवलेले असले तर उत्तमच.

थंडीत काय करावे?

बेट्टाला २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पुण्यात हिवाळ्यात किमान तापमान दहा अंशांखाली उतरते. धरणालगत गारठा अधिक जाणवतो. पाणी गार झाले की मासा तळाशी पडून राहतो, खाणे सोडतो, मग बुरशी व पर झडण्याचे आजार जडतात. अनेकांना तो ‘शांत झाला’ असे वाटते. तापमान नियंत्रक असलेला २५ वॉटचा हीटर लहान टाकीला पुरतो. देशी बदामाची वाळलेली पाने पाण्यात टाकण्याची प्रथा थायलंडमध्येही आहे. त्यातील टॅनिनमुळे पाणी तांबूस होते. मात्र रस्त्याकडेच्या धुरात माखलेल्या झाडाची पाने नकोत.

खाद्य दिवसातून एक-दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. फुगलेले पोट हे बहुधा प्रेमाने जास्त भरवल्याचे लक्षण असते.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. म्हणजे मासाही त्यात आला. हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात प्राणी ठेवणे हा कलम ११ नुसार गुन्हा आहे. मनोरंजनासाठी प्राण्यांना झुंजवणेही त्यातच येते, त्यामुळे दोन नर समोरासमोर सोडून मोबाइलवर चित्रफीत काढणे हा खेळ नाही. अर्थात पेल्यातील माशासाठी कोणी पोलीस ठाण्यात जाईल, अशी शक्यता कमीच.

नकोसा झाला तर धरणात सोडावा का?

अजिबात नाही. लांब परांचा हा मासा जलद पोहू शकत नाही, त्यामुळे तो बगळ्याच्या किंवा मोठ्या माशाच्या तोंडी जाण्याचीच शक्यता अधिक. शिवाय त्याच्या अंगावरचे रोगजंतू स्थानिक माशांत पसरू शकतात. खडकवासल्याची मुठा पुढे मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनीत पोहोचते. त्या उजनीत आज मच्छीमारांची जाळी सकर माशाने भरतात. टाकीतील शेवाळ खाण्यासाठी दक्षिण अमेरिकेतून जगभर गेलेला हा शोभेचा मासा. त्याला बाजारात भाव नाही आणि त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात. बेट्टा सांभाळणे जमत नसेल तर तो दुकानदाराला परत करावा किंवा मासे पाळणाऱ्या ओळखीच्या व्यक्तीकडे, त्याच्या टाकीतील थोडे पाणी सोबत देऊन, सोपवावा.