लाल गोळी, करडी धूळ

परवा लंचटाइमला एका मैत्रिणीने विचारलं, "अमेरिकेत काय वेगळं पाहिलंस?" मी म्हटलं, "मावसभावाला बंदुकीच्या गोळ्यांना लिपस्टिक लावताना पाहिलं." तिचा घास हातातच राहिला.

चेष्टा नाही हं. आमचा दादा ओहायोत असतो. आयटीवाला, शाकाहारी, झुरळ दिसलं तर आधी वहिनीला हाक मारणारा. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्याला शूटिंग रेंजवर नेलं आणि साहेबांना नेमबाजीचा नाद लागला. कागदी टार्गेटवर गोळ्या झाडायच्या, बस्स. पण नाद महाग. मग दुसरा फंडा कळला : गोळी घरीच ओतायची. तिथे स्वतःपुरत्या गोळ्या बनवायला फेडरल लायसन्स लागत नाही. (आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे. विनापरवाना असले उद्योग केले तर थेट आत. तेव्हा हा कॉलम फक्त वाचायचा!)

तर शनिवारची सकाळ, दादाचं गॅरेज. गाडी बाहेर, आत भट्टी. जुन्या गाड्यांच्या चाकांना बॅलन्सिंगसाठी लावलेली शिशाची वजनं त्याने गोळा करून ठेवली होती. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. वर राखेसारखी मळी येते, ती चमच्याने काढून टाकायची आणि खालचा चकचकीत रस साच्यात ओतायचा. मिनिटभरात टपटप गोळ्या पडतात. राखाडी आणि दिसायला अगदीच बोअर.

खरी गंमत पुढे. नुसती शिशाची गोळी बंदुकीच्या नळीतून जाताना घासते आणि आत शिशाचा थर बसतो. तो खरवडून काढणं म्हणजे जळलेलं दुधाचं पातेलं घासण्यासारखं. म्हणून पूर्वी गोळीला मेण आणि चरबी लावायचे. आता आली पावडर कोटिंग. आपल्या खिडक्यांच्या ग्रिलवर आणि बाइकच्या पार्टवर असतं ना, तेच. प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या, चमचाभर रंगीत पावडर आणि प्लास्टिकचे छर्रे टाकायचे आणि डबा खुळखुळा वाजवल्यासारखा हलवायचा. घर्षणाने स्थिर वीज तयार होते आणि पावडर गोळीला चिकटून बसते. मग टोस्टर ओव्हनमध्ये साधारण २०० अंशांवर वीस मिनिटं. शिसं वितळायच्या बरंच आधी पावडर वितळते आणि गोळीभोवती कडक, गुळगुळीत कवच होतं. लाल, निळं, हिरवं, हवं ते. रेंजवर धूर कमी, नळी स्वच्छ.

ट्रे बाहेर आला तेव्हा मी खरंच 'वॉव' म्हटलं. ओळीने उभ्या लालचुटूक गोळ्या, जेम्सच्या गोळ्यांच्या मोठ्या बहिणी! (ओव्हन सेकंडहँड, फक्त याच कामाचा. 'माझ्या ओव्हनला हात लावलास तर बघ', ही वहिनीची पहिल्याच दिवशीची वॉर्निंग.)

मला शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवलं. १८५७ साली भडका उडाला तोही गोळीला काय चोपडलंय यावरूनच ना! एनफिल्ड रायफलचं कागदी काडतूस दातांनी तोडायचं आणि त्याला गाईची नि डुकराची चरबी आहे ही बातमी छावण्यांमधून पसरलेली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला, १० मेला मेरठ पेटलं, पुढे कानपुरात नानासाहेब आणि झाशीत राणी. असंतोषाची कारणं बरीच होती, पण ठिणगी पडली ती गोळीवरच्या लेपाची. दादाला सांगितलं तर म्हणतो, "बघ, म्हणून माझी पावडर बेस्ट. शंभर टक्के व्हेज!"

हसलो. वहिनी हसली नाही.

रात्री भांडी आवरताना तिने सांगितलं. पिल्लू दोन वर्षांचं झालं तेव्हा डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासलं. एक आणि दोन वर्षांच्या मुलांची ही टेस्ट तिथे बरेचदा करतात. आकडा आला ६. म्हणजे एका डेसिलिटर रक्तात ६ मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या सीडीसीने २०२१पासून साडेतीनची रेघ आखली आहे. तिच्या वर गेलं की शिसं येतंय कुठून ते शोधायचं. आणि साडेतीनच्या खाली म्हणजे सेफ, असंही नाही. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच अजून सापडलेली नाही.

"नर्सने फोनवर विचारलं, घर जुनं आहे का," वहिनी सांगत होती. तिथे १९७८मध्ये घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली, म्हणून पहिला संशय जुन्या भिंतींवर. यांचं घर २००४चं. नळ ठीक, खेळणी ठीक. मग तिने विचारलं, घरात कुणाला काही छंद आहे का? "अगं, मी गॅरेजच्या दाराकडे बघत नुसती उभी राहिले."

दादाचं म्हणणं होतं की गोळ्या तर कोटेड आहेत! शिसं आत, वर कडक प्लास्टिक. हात लावला तरी काही होत नाही. आणि ते खोटंही नव्हतं. कोटेड गोळी हाताळताना बोटांना शिसं फारसं लागत नाही. पण कोटिंग येतं सगळ्यात शेवटी. त्याआधी मळी काढताना उडालेली करडी धूळ टेबलावर, बाहीवर, बुटांच्या तळव्यांवर बसलेली असते. तिला कुठलं कोटिंग? रेंजवरही तेच. बऱ्याचशा गोळ्यांच्या मागे ठिणगी पाडणारी जी टोपी असते, तिच्यातही शिशाचं संयुग असतं. ती धूळ केसांत नि कपड्यांत घेऊन माणूस घरी येतो आणि लेकराला उचलून घेतो. रांगणारं मूल हात जमिनीवर टेकतं आणि तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं मुलांच्या अंगात मोठ्यांपेक्षा चार-पाचपट जास्त शोषलं जातं. ताप नाही, खोकला नाही. ते हळूच मेंदूवर काम करतं. लक्ष लागणं, शिकणं, बुद्ध्यांक, सगळ्यावर.

"मी भांडले नाही," वहिनी म्हणाली. "रिपोर्ट प्रिंट केला आणि त्याच्या त्या डब्यावर चिकटवला."

एवढ्या कमी आकड्याला औषध नसतं. शिसं येण्याची वाट बंद करायची, आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसं ठेवायचं आणि पुन्हा टेस्ट. सगळं घर ओल्या फडक्याने पुसलं गेलं. झाडू बंद, कारण झाडूने धूळ उडते. गालिचा फेकला. भट्टी एका मित्राच्या शेतावरच्या शेडमध्ये गेली. मी पाहिला तो गॅरेजमधला शेवटचा शनिवार, खास बहिणीला दाखवण्यासाठी. पिल्लू त्या दिवशी वहिनीच्या मैत्रिणीकडे होतं आणि संध्याकाळी दादाने गुडघ्यांवर बसून गॅरेजची फरशी दोनदा पुसली होती. ते का, हे मला वहिनीशी बोलल्यावर कळलं.

परवा व्हिडिओ कॉलवर ताजा आकडा कळला, ४. उतरतोय, पण सावकाश. दादाने नाद सोडलेला नाही. मात्र शेडचे कपडे आणि बूट शेडमध्येच राहतात. घरी आला की थेट बाथरूम, अंघोळ, मगच पिल्लू. ते दाराशी "बाबा, बाबा" करत हात पसरतं आणि हा हात मागे घेऊन बाजूने निघून जातो. "ती दहा मिनिटं जाम कठीण जातात गं," म्हणाला.

मला आजी आठवली. बाहेरून आलं की चपला दाराबाहेर आणि हातपाय धुतल्याशिवाय कशाला शिवायचं नाही. आम्ही तिला 'ओल्ड फॅशन्ड' म्हणून किती पिडायचो! ओहायोच्या त्या नर्सने जी लिस्ट पाठवली, तिच्यात पहिल्या दोन ओळी त्याच होत्या. फक्त इंग्रजीत.

आपल्याकडे कुणी गॅरेजमध्ये गोळ्या ओतत नाही, मान्य. पण बाबा बॅटरीच्या वर्कशॉपमधून घरी येतात, दादा सोल्डरिंग करून येतो, आणि जुन्या वाड्याचा रंग खरवडून 'रिनोव्हेशन' करायची तर सध्या फॅशनच आहे. नवीन रंगातलं शिसं २०१७च्या अखेरीपासून आपल्या नियमाने ९० पीपीएमवर बांधलंय, पण खालचे जुने थर कुणी बांधायचे? घरात रांगणारं कुणी असेल तर आज संध्याकाळी बूट बाहेर काढा, हात धुवा आणि मग त्याला उचला.

दहा मिनिटं थांबेल ते.